कुतला पकडलेल्या शिपायाचे नाव बसऱ्याला कसे? महायुद्धांतल्या सैनिकांची थडगी शोधताना

कृष्णाकाठ

महायुद्धांत गेलेल्या आमच्या भागातल्या सैनिकांची गाववार यादी करतो आहोत. शाळेच्या भिंतीत किंवा चावडीवर बसवलेले संगमरवरी फलक आहेत, पण त्यांवर फक्त आकडे. गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले, एवढेच. नावे मिळाली ती घराघरांतली पदके, ब्रॉन्झच्या मृत्युपट्टिका आणि तोंडी माहितीतून. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधली, तर घरचे सांगतात ते ठिकाण एक आणि नोंदीतले दुसरेच. चार नमुने देतो. नावे मुद्दाम देत नाही.

अ) ११७ मराठा पलटण. घरची माहिती: कुतच्या (इराकातले तैग्रिसकाठचे गाव) वेढ्यात होता, कैद झाला, तुर्कस्तानात वारला. नोंद: बसरा मेमोरियल, इराक.

आ) खडकीच्या सॅपर्समधला (लष्करी अभियंत्यांची तुकडी). घरची माहिती: फ्रान्सला गेला, परत आला नाही. नोंद: झेरेन्सडोर्फ इंडियन सिमेट्री, जर्मनी.

इ) १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण), १९४३ अखेर, इटली. सिमेट्रीचे नाव मिळते, पण थडग्याचा क्रमांक नाही, नुसता फलकाचा आहे.

ई) रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. सिंगापूरला पकडला गेला. नोंद: लाए वॉर सिमेट्री, पापुआ न्यू गिनी.

माणूस तिथपर्यंत कसा पोचला हे कागदावरून कसे काढायचे? कोणता कागद आधी बघायचा आणि कशावर किती भरवसा ठेवायचा?

जुनीपाने

आधी तीन गोष्टी सुट्या करा. माणूस मेला कुठे, त्याला पहिल्यांदा पुरले किंवा दहन केले कुठे, आणि आज त्याचे नाव कोरलेले आहे कुठे. कमिशनचे पान फक्त तिसऱ्याचे उत्तर देते. मृत्यूचे ठिकाण त्यावर बहुतेक वेळा नसतेच. घरच्यांना पहिले ठाऊक असते, पानावर तिसरे असते, मधला दुवा गळालेला असतो, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींना खोटे पाडतात असे वाटते. तुमच्या चारही नमुन्यांत घरची माहिती आणि नोंद दोन्ही खरी असू शकते.

मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत हे ब्रिटिशांनी १९१५ मध्येच ठरवले होते. कमिशन १९१७ मध्ये स्थापन झाले (तेव्हा नावात इम्पीरियल, कॉमनवेल्थ १९६० पासून). ज्याचे थडगे ओळखले गेले त्याला स्वतःचा दगड. ज्याचे सापडले नाही किंवा ओळखता आले नाही, त्याचे नाव त्या मोहिमेच्या स्मारकावर. मोहीम म्हणजे हजार-हजार किलोमीटरचा मुलूख. बसरा मेमोरियलवर १९१४ च्या अखेरीपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मेसोपोटेमियाच्या (आजचा इराक) मोहिमेत गेलेल्या आणि थडगे माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. 'बसरा मेमोरियल' वाचून माणूस बसऱ्याला मेला असे कधीही धरू नका. त्याचे थडगे सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता अ) कडे. कुतची शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली, त्यांत सहाव्या पूना डिव्हिजनच्या १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी होत्या. कैद्यांना आधी नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेले. उपासमार आणि आमांशाने पहिल्या काही दिवसांतच तिथे कितीतरी गेले. मग बगदाद, तिथून समाऱ्यापर्यंत रेल्वे, आणि पुढे तिक्रित, मोसुल, निसिबिन करत रास-अल-ऐनपर्यंत पायी, मे-जूनच्या उन्हात. रास-अल-ऐन हे तेव्हा बगदाद रेल्वेच्या कामाचे टोक होते. हिंदी शिपायांना मोठ्या संख्येने तिथेच रुळांच्या कामाला जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी बऱ्याच जणांना पश्चिमेला बाग्चेच्या बोगद्यांवर नेले. या वाटेवर जो कोसळला त्याची जागा कोण लिहून ठेवणार?

युद्धानंतर अनातोलियातल्या कैद्यांच्या दफनभूमींतले अवशेष बगदादच्या नॉर्थ गेट सिमेट्रीत आणले गेले. म्हणून कुतचा कैदी मोसुलच्याही पलीकडे मेला, तरी थडगे बगदादला असू शकते. ज्याचे अवशेष ओळखता आले नाहीत तो बसरा मेमोरियलवर गेला. तुमचा अ) यातलाच दिसतो.

पण तो खरोखर वेढ्यात होता का, हे आधी तपासा. त्याला दोन कसोट्या आहेत. पहिली पदकाची. १९१४-१५ स्टार ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धक्षेत्रात पोचलेल्यांनाच मिळायचा. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, म्हणजे आत असलेला प्रत्येक जण या स्टारला पात्र होता. ताऱ्याच्या मागच्या बाजूला क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते, आणि गोल पदकांच्या कडेवर तेच असते. घरात फक्त गोल पदके असतील तर तो १९१६ मध्ये नंतर पोचलेला असण्याची शक्यता वाढते. मात्र स्टार हरवला किंवा विकला गेला असेल, तेव्हा नसण्याला पुरावा मानू नका, असण्याला माना. मृत्युपट्टिकेचा इथे उपयोग नाही, कारण तिच्यावर हुद्दा आणि पलटण मुद्दामच घातलेली नाही, फक्त नाव.

दुसरी कसोटी तारखेची. जानेवारी ते एप्रिल १९१६ मधली असेल, तर तो वेढ्यात मेला असेल किंवा वेढा फोडायला आलेल्या फौजेत, म्हणजे शेख साद, हन्ना, सन्नैयत या लढायांत. वेढ्याबाहेर राहिलेले शिपाई आणि मागून आलेली नवी भरती एकत्र करून तात्पुरत्या पलटणी उभ्या केल्या होत्या, आणि त्यांतल्या शिपायाच्या नावापुढे मूळ पलटणच लागते. मे १९१६ ते १९१७ मधली तारीख असेल तर कैद जास्त संभवते. त्यानंतरची असेल तर पुन्हा उभारलेली ११७ वीही विचारात घ्या. कैद्यांच्या बाबतीत तारीख पुष्कळदा अंदाजाने ठरवलेली असते. एकाच पलटणीच्या अनेकांची एकच तारीख दिसली, तर ती कचेरीत ठरवलेली तारीख समजा.

आणखी एक गोष्ट, घरच्यांना ती आधीच सांगून ठेवा. बसरा मेमोरियलच्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावे कोरलेलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावे आहेत, शिपायांचा पलटणीमागे आकडा. नावे नोंदवहीत ठेवली. अमाऱ्याच्या लेफ्ट बँक इंडियन सिमेट्रीत सुमारे ५,००० हिंदी सैनिक आहेत आणि त्यांतले अवघे नऊ ओळखीचे, कारण लष्कराने दफनाच्या पुऱ्या नोंदीच ठेवल्या नाहीत. कमिशनच्याच समितीने २०२१ मध्ये हे लेखी मान्य केले: मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान १ लाख १६ हजार मृतांची नावे कोरलीच गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही. हे वाचून राग येतो आणि यायलाच हवा. शोधकर्त्याने मात्र यातून व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवायची. भिंतीवर नाव नाही म्हणून नोंद नाही असे होत नाही, आणि नोंद नाही म्हणून माणूस गेला नाही असेही होत नाही.

नकाशावाला

आ) बद्दल. खडकीचे सॅपर्स म्हणजे तेव्हाचे तिसरे सॅपर्स अँड मायनर्स. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह-शापेलच्या हल्ल्यात होत्या. सॅपर्सना तिथे पायदळासारखे गावात घुसवले आणि फार मोठी हानी झाली. काही जर्मनांच्या हाती लागले. हिंदी आणि मुसलमान कैद्यांसाठी बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडोर्फ इथे वेगळी छावणी होती, तिचे नाव हाल्बमोंडलागर. छावणीत वारलेल्यांची दफनभूमी शेजारच्या झेरेन्सडोर्फला. तिथे २०६ हिंदी सैनिकांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जागा सोव्हिएत सैन्याच्या सरावक्षेत्रात गेली, कित्येक दशके कुणाला जाता आले नाही, आणि २००५ मध्ये नीट करून पुन्हा खुली झाली. जुन्या लिखाणात तिचा उल्लेख सापडत नाही त्याचे हेच कारण. कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धाची कार्डे आणि याद्या ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत, तिथे छावणी आणि तारीख मिळू शकते.

जर्मनीऐवजी इंग्लंड निघाले तर ती जखमींची वाट. फ्रान्समध्ये जखमीचा प्रवास ठरलेला असे: पलटणीचे मदत केंद्र, ड्रेसिंग स्टेशन, कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, रुग्णगाडी, किनाऱ्यावरचे मोठे इस्पितळ, इस्पितळ-जहाज. ज्या टप्प्यावर प्राण गेला तिथल्या दफनभूमीत माणूस सापडतो. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू-शिखांचे दहन पॅचमच्या टेकडीवर झाले. त्या जागेवर १९२१ मध्ये छत्री उभारली, आणि नावे कोरलेला फलक थेट २०१० मध्ये आला. मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या मशिदीजवळ पुरले होते, ते अवशेष पुढे ब्रुकवुडला हलवले. म्हणजे इथे धर्मावरूनही ठिकाण बदलते. मार्सेय बंदराजवळच्या माझार्ग सिमेट्रीत शहरातल्या आणि आसपासच्या इतर दफनभूमींतली थडगी आणून ठेवली आहेत, तिथेही हाच घोळ होतो.

कागद कोणता बघायचा? कमिशनच्या संकेतस्थळावर त्या सैनिकाच्या पानावर खाली स्कॅन केलेले मूळ फॉर्म असतात. लोक पान बघून परत जातात, ते उघडतच नाहीत. तीन प्रकार आहेत:

ग्रेव्ह रजिस्ट्रेशन रिपोर्ट. सिमेट्रीतल्या ओळीप्रमाणे टंकलेली यादी, त्यावर शाईने दुरुस्त्या. खोडलेले नाव किंवा क्रमांक दिसला तर तो टिपून ठेवा. चुकीचे वाटणारे जुने रूपच पुष्कळदा शोधाला उपयोगी पडते.

बरियल रिटर्न. अवशेष दुसरीकडून हलवले असतील तरच हा असतो, आणि तुमच्या कामाचा सगळ्यात मोलाचा कागद हाच. यात जिथे सापडला तिथला नकाशा-संदर्भ, थडग्यावर क्रूस होता का, ओळख कशावरून पटवली आणि कोणत्या वस्तू पुढे पाठवल्या, असे रकाने असतात. ओळखीच्या रकान्यात 'डिस्क' (ओळखीचा बिल्ला) असेल तर नाव पक्के. नुसते बटण, खांद्यावरची पट्टी किंवा बूट लिहिले असतील तर पलटण तेवढी पक्की.

हेडस्टोन शेड्यूल. दगडावर काय कोरायचे त्याची यादी. धर्मचिन्ह इथे कळते. हिंदू सैनिकाच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' असते, ते फोटोत दिसले तर कमिशनने त्याला हिंदू धरले होते एवढे कळते.

फ्रान्स-बेल्जियमच्या फॉर्मवर ३६.एस.५.सी.४.७ असा संदर्भ दिसला तर तो डावीकडून उजवीकडे वाचायचा. ३६ हा नकाशाचा क्रमांक. एस हा मोठा चौकोन. ५ हा त्यातला हजार यार्डांचा चौकोन. त्याचे चार भाग: ए वायव्य, बी ईशान्य, सी नैऋत्य, डी आग्नेय, प्रत्येक ५०० यार्डांचा. शेवटचे ४ आणि ७ हे त्या छोट्या चौकोनाच्या नैऋत्य कोपऱ्यापासून आधी पूर्वेकडे आणि मग उत्तरेकडे मोजायचे दशांश, एक दशांश ५० यार्ड. म्हणजे २०० यार्ड पूर्वेला, ३५० यार्ड उत्तरेला. क्रम उलटा धरला की माणूस दुसऱ्याच शेतात जातो. तो बिंदू आणि त्या दिवशी पलटण कुठे होती हे युद्धडायरीवरून (पलटणीची रोजची नोंदवही) जुळवले की पहिल्या दफनाची जागा पन्नासेक मीटरपर्यंत कळते. ही पद्धत फ्रान्स-बेल्जियमच्या त्या नकाशांपुरतीच आहे, मेसोपोटेमियाला लावू नका.

युद्ध संपल्यावर सुटी थडगी आणि चाळीसपेक्षा कमी थडग्यांच्या लहान दफनभूमी उचलून मोठ्या सिमेट्रीत नेण्याचे धोरण होते, म्हणून सैनिक लढाईपासून वीस-वीस किलोमीटरवर सापडतात. ओळख का हरवते, तर १९१६ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश फौजेत ओळखीचा बिल्ला एकच होता. मृत्यूची खबर द्यायला तो काढून घेतला की देहाजवळ काहीच उरत नसे. नंतर दोन दिले: हिरवा अष्टकोनी देहाबरोबर राहायचा, लाल गोल काढून न्यायचा. १९१४-१५ चे हिंदी सैनिक या सुधारणेच्या आधीचे.

कृष्णाकाठ

खूप आभार. अ) च्या घरात १९१४-१५ स्टार आहे, मागे ११७ स्पष्ट वाचता येते. बाकी नावांचा प्रश्न मोठा आहे. यादीतल्या निम्म्या नावांना संकेतस्थळावर काहीच सापडत नाही. जाधव घातले तर हजार, पूर्ण नाव घातले तर शून्य.

शीटरोल

आडनावाने शोधूच नका. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाची नोंद बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव अशी आहे. आडनाव असलेच तर वेड्यावाकड्या स्पेलिंगने. जाधवचे जादू, जाधो, पवारचे पोवार, सावंतमध्ये व्ही की डब्ल्यू याचा भरवसा नाही. रेजिमेंटच्या नावातही मराठा हा शब्द जुन्या पद्धतीने, म्हणजे एम-ए-एच ने सुरू होतो, आजच्या स्पेलिंगने शोधले तर पलटण सापडणार नाही.

माझा क्रम असा: रेजिमेंट, मग सेवाक्रमांक, नाव रिकामे. क्रमांक पदकाच्या कडेवरून घ्या. तेव्हा प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र होते, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीतही असतो. रेजिमेंटशिवाय क्रमांक निरुपयोगी. क्रमांक नसेल तर 'जादा माहिती'च्या रकान्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव घाला. तिथे 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक, जिल्हा तमुक' असा मजकूर असतो. निकाल तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि त्यात डोळ्यांनी शोधा, संकेतस्थळाच्या शोधयंत्राला आपली नावे कळत नाहीत.

जिल्हा मात्र त्या काळचा घाला. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते, सांगली जिल्हा नव्हता. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत. रायगडचे नाव कुलाबा. कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थाने. साताऱ्याच्या स्पेलिंगमध्ये कधी दोन टी येतात.

पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले, इथे फार लोक फसतात. १०३ वी झाली १/५, १०५ वी २/५, ११० वी ३/५, ११६ वी ४/५, ११७ वी ५/५, आणि ११४ वी १०/५ म्हणजे प्रशिक्षण पलटण. घरात कुणी 'पाचवी मराठा' म्हणाले तर ती ५/५ पलटण की पाचवी रेजिमेंट हे विचारून घ्या. पहिल्या युद्धातला माणूस 'पाचव्या मराठा'त असूच शकत नाही, ते नाव नंतरचे.

इथल्या कागदांपैकी तलाठ्याकडचा जुना फेरफार, गाव नमुना ६, आधी बघा. शिपायाच्या नावावर जमीन असेल तर वारसनोंद झालेलीच असते आणि तीत मयत झाल्याची तारीख किंवा 'लढाईत मयत' असा शेरा असू शकतो. गावच्या मृत्यूनोंदवहीत परदेशी मेलेला शिपाई सहसा मिळत नाही. लष्कराकडे शीट रोल (शिपायाच्या नोकरीचा तपशील), लाँग रोल (पलटणीची नामावली) आणि वारसांची नोंद असलेला किन्ड्रेड रोल असे कागद असत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्जात क्रमांक, हुद्दा, नाव आणि वडिलांचे नाव, पलटणीचा जुना आणि नवा दोन्ही क्रमांक, गाव-तालुका-जिल्हा आणि तुमचे नाते लिहा, पदकाच्या कडेचा जवळून काढलेला फोटो जोडा. दुसऱ्या महायुद्धाचे कागद मिळण्याची शक्यता पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुसऱ्या युद्धातल्या वारसांच्या पेन्शनच्या फायली असू शकतात, तिथेही विचारा.

पाचवीपलटण

इ) सरळ आहे. सांग्रो नदीची लढाई नोव्हेंबर १९४३ ची, १/५ मराठा तिथे आठव्या हिंदी डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये. हिंदू सैनिकाचे दहन झाले, म्हणून थडगे नाही. सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्रीच्या आवारात क्रिमेशन मेमोरियल आहे, नाव त्याच्या फलकावर, म्हणून तुम्हाला थडग्याऐवजी फलकाचा क्रमांक दिसतो. अशी दहन-स्मारके फोर्लीला, एरिट्रियात केरनला, कोहिमाला, इम्फाळला, रंगूनजवळ टौक्यानलाही आहेत. कोहिमाच्या स्मारकावर ९१७ हिंदू-शिखांची नावे आहेत.

यात फरक करायला शिका. क्रिमेशन मेमोरियल म्हणजे दहन झाल्याची नोंद आहे. कसिनो मेमोरियल म्हणजे देह सापडला नाही किंवा अंत्यविधीची नोंदच नाही. नायक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ३/५ मराठाकडून लढताना ते पडले, आणि त्यांचे नाव तिथून कितीतरी दक्षिणेला कसिनोच्या स्मारकावर आहे, कारण सिसिली-इटलीत ज्यांचे थडगे माहीत नाही त्या सगळ्यांचे स्मारक तेच. इतक्या गाजलेल्या वीराच्या बाबतीत हे होते, तर साध्या शिपायाच्या बाबतीत नवल नको.

उलटही होते. हिंदू नावाचे थडगे दिसले म्हणून नोंद चुकली असे समजू नका. आघाडीवर लाकूड मिळत नसे आणि चितेचा धूर तोफांना निशाण देई, तेव्हा दफनच करावे लागे.

ई) बद्दल. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडले. तिथले आणि हाँगकाँगचे हिंदी कैदी जपान्यांनी मजूर म्हणून जहाजांत भरून न्यू ब्रिटन आणि न्यू गिनीला नेले. लाएची सिमेट्री ऑस्ट्रेलियन लष्कराने १९४४ मध्ये सुरू केली आणि आसपासच्या तात्पुरत्या दफनभूमींतून थडगी तिथे आणली. तिथले अनामिक बव्हंशी बुट या ठिकाणची धावपट्टी आणि वेवाक यांच्या दरम्यान सापडले, म्हणजे लाएपासून शेकडो किलोमीटरवर. राबौलच्या बिटा पाका सिमेट्रीतही हिंदी कैदी आहेत. तुमच्या माणसाला नावाचे थडगे मिळाले असेल तर तो त्या मानाने भाग्यवान.

माणदेशी

पहिल्या महायुद्धातल्या सगळ्यांची नावे इंडिया गेटवर आहेत ना? तिथून यादी घेता येईल.

जुनीपाने

सगळ्यांची नाहीत. तिथे तेरा हजारांहून थोडी जास्त नावे आहेत आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ चे तिसरे अफगाण युद्ध यांत गेलेल्यांची. गौरव सत्तर हजारांचा आहे, नावे तेवढी नाहीत. फ्रान्समध्ये बेपत्ता झालेले न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर, तिथे सुमारे ४,७०० नावे. इजिप्त-पॅलेस्टाइनमधले पोर्ट तौफिकला होते. सुएझच्या तोंडावरचे ते स्मारक १९६७ नंतरच्या इजिप्त-इस्रायल लढायांत उद्ध्वस्त झाले, आता नावे कैरोच्या हेलिओपोलिस सिमेट्रीत. बसरा मेमोरियलही १९९७ मध्ये गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेले. स्मारकेसुद्धा हलतात, तेव्हा जुन्या पुस्तकातला पत्ता घेऊन कुणाला पाठवू नका. जहाजावर गेलेले खलाशी आणखी वेगळे, मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधले स्मारक त्यांचे आहे.

खडकीबाजार

पुण्यातली उलटी बाजू सांगतो, कारण यादी करणाऱ्यांना ती लागतेच. खडकी वॉर सिमेट्रीत नाव दिसले म्हणजे माणूस पुण्यात वारला असे नाही. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जिथे थडग्यांची कायम देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथली दुसऱ्या महायुद्धातली थडगी इथे आणली. पहिल्या युद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून मार्च १९६२ मध्ये इथे आले. मेसोपोटेमियाचा जखमी तैग्रिसवरून अमारा, बसरा आणि मग इस्पितळ-जहाजाने मुंबई, तिथे प्राण गेला, शिवडीला पुरला, शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी खडकीत आला. अशी चौकडी एका नावामागे असू शकते. आवारातल्या १९१४-१९१८ स्मारकावर हिंदुस्थान-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या दफनभूमींत पुरलेल्या अठराशेहून अधिक जणांची नावे आहेत, त्यांची मूळ थडगी अजून जिथल्या तिथे आहेत, फक्त देखभाल होऊ शकत नाही. रजिस्टरमध्ये त्या मूळ दफनभूमीचे नाव शोधा.

नोंदीतली काही लघुरूपे: 'एस्पी मेम' म्हणजे इथे कुठेतरी आहे, नक्की जागा माहीत नाही, दगडावर तसे लिहिलेलेही असते. 'कोल ग्रेव्ह' म्हणजे अनेकांचे एकत्र थडगे. 'पॅनेल' म्हणजे भिंत, थडगे नाही.

कृष्णाकाठ

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे तीन-चार नावे अशी आहेत की पदक आहे, फेरफारात मयत असल्याची नोंद आहे, पण कमिशनकडे कुठेच नाव नाही. ते घालता येते का?

शीटरोल

येते, पण कागद भक्कम हवेत. आधी तारीख बघा. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या मुदतीत नोकरीत असताना कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर तो पात्र, मग गोळी असो, पटकी असो की १९१८ चा इन्फ्लुएंझा. १९२० च्या इराकमधल्या उठावात गेलेलाही बसतो. नोकरीतून सुटून घरी येऊन मेला असेल तर मृत्यू नोकरीतल्याच जखमेने किंवा आजाराने झाला हे दाखवावे लागते, आणि अर्ज बहुधा इथेच अडतात.

तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदांनी सिद्ध करा: तो सैन्यात होता, मेला, आणि मुदतीत मेला. पदक सैन्यात असल्याचा पुरावा म्हणून चालते, मृत्यूचा म्हणून नाही. फेरफार तारखेसाठी चालतो, पण फेरफाराची तारीख म्हणजे नोंद घेतल्याची तारीख. मृत्यूची तारीख मजकुरात वेगळी लिहिलेली असेल तरच ती धरा. वारसाला पेन्शन मिळाल्याचा कागद सापडला तर तो सगळ्यात भारी. तोंडी माहिती पत्रात वेगळ्या परिच्छेदात, तोंडी म्हणूनच लिहा. फेरफाराची प्रमाणित प्रत घ्या, इंग्रजी भाषांतर सोबत जोडा, आणि एका पत्रात एकच नाव पाठवा.

नाव आधीपासून आहे पण स्पेलिंग किंवा गाव चुकले आहे, असे असेल तर ती दुरुस्ती आहे आणि ती सोपी पडते. म्हणून नवीन नावाचा अर्ज करण्याआधी त्या पलटणीची पूर्ण यादी उतरवून तुमच्या नावाशी उच्चाराने मिळतीजुळती नोंद आहे का ते पुन्हा एकदा बघा, विशेषतः ११७ व्याची बसरा मेमोरियलची.